किरकोळ धडकेनंतर गाडीतून आवाज येतोय? या चुका टाळा

पार्किंगमध्ये कोपरा खांबाला लागला किंवा सिग्नलजवळ हलकी टक्कर झाली, की आपण आधी रंग कुठे खरवडला ते बघतो आणि गाडी थेट डेंटिंग-पेंटिंगला टाकतो. मोठी चूक हीच. आवाजाचं मूळ सापडण्याआधी बंपर बसवला, तर ते शोधायला तोच बंपर पुन्हा उतरवावा लागतो. मजुरी दोनदा.

मेकॅनिकला नुसतं ‘आवाज येतोय’ सांगूनही भागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून हलका रेस द्या. आवाज रेसबरोबर वाढला तर खोट बहुधा बॉनेटखाली: दबलेल्या भागाला फॅनचं पातं किंवा बेल्ट घासत असेल. तिथे हात घालू नका, काही गाड्यांचा फॅन इंजिन बंद केल्यावरही फिरतो. उभ्या गाडीत शांतता आणि चालताना आवाज, तर चाकांकडे वळा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना ‘टक-टक’ होत असेल, तर एक्सलच्या जॉइंटवर संशय घ्या. वेगाबरोबर वाढणारी घरघर उजव्या वळणावर आणखी वाढली, तर डाव्या चाकाचं बेअरिंग तपासायला सांगा. उजवीकडे वळताना भार डाव्या बाजूला जातो. ब्रेकच्या डिस्कमागचा पातळ पत्रा वाकला तरी किर्र आवाज येतो, पण तो सरळ करणं सोपं असतं.

पुढचा कोपरा लागला असेल तर सगळ्यात आधी चाकावरच्या कमानीतलं काळं प्लास्टिक, म्हणजे लायनर, बघा. क्लिप तुटली की ते लोंबतं आणि टायरला खर्र-खर्र घासतं. टॉर्च मारली की घासलेला पट्टा चकचकीत दिसतो. वैतागून ते कापून टाकणारे बरेच आहेत. कृपा करून तसं करू नका, पावसाळ्यात चिखलपाणी आतल्या वायरिंगपर्यंत उडतं. नवी क्लिप मिळेपर्यंत केबल टायने बांधा. हातासरशी टायरची बाजूही चाचपून घ्या. फुगवटा लागला तर तो टायर बदलायचाच.

स्टिअरिंग वाकडं झालंय, गाडी एका बाजूला ओढते, खाली कूलंट गळतंय किंवा तापमानाचा काटा चढतोय, तर गाडी पुढे नेऊ नका, टो करा.

क्लेम करायचा असेल तर काहीही उघडण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा. खर्च थोडा असेल तर आधी नो क्लेम बोनसचा हिशोब मांडा. ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर मिळणारी ही सवलत 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत असते आणि एका क्लेमने सहसा शून्यावर येते.