पिंपल्स वर्षानुवर्षं जात नसतील तर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

सुरुवात नवीन क्रीम घेण्यापासून करायची नाही, घरातल्या क्रीमा बाहेर काढण्यापासून करायची. बाथरूममधलं, कपाटातलं, पर्समधलं, तोंडाला लावायचं जे जे काही आहे ते सगळं एकदा पलंगावर ओता आणि प्रत्येक ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं वाचा, मोबाईलने फोटो काढून झूम करावं लागलं तरी चालेल. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एक जरी नाव दिसलं तर ते स्टेरॉईड आहे, पुढे त्याच्यासोबत अजून दोन-तीन औषधांची नावं असली तरीही. ही ट्यूब बहुतेक वेळा डॉक्टरांनी दिलेली नसतेच, मेडिकलवर जाऊन "दादा, पिंपलसाठी काहीतरी द्या ना" म्हटलं की मिळालेली असते, नाहीतर मैत्रिणीने "मला जाम फरक पडला" म्हणून हातात टेकवलेली असते.

फरक पडतोच, तीच तर गोची आहे. लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो, घरचे पण म्हणतात की आता बरं वाटतंय, आणि मग हळूहळू कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, नको तिथे केस यायला लागतात आणि ट्यूब थांबवली की चेहरा आधीपेक्षा जास्त भडकतो. मग माणूस घाबरून परत तेच लावतो. म्हणून महिनोन्महिने लावत असाल तर एका दिवसात फेकून देऊन मोकळं होऊ नका, आधी स्किनच्या डॉक्टरांना ती ट्यूब दाखवा आणि मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडा.

त्याच ढिगातून लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा आणि खरखरीत स्क्रब हे पण बाजूला काढा. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे धूळ नाही, छिद्रात अडकलेलं तेल आणि मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) हवेला लागून काळं पडतं, त्यामुळे कितीही घासलं तरी ते "स्वच्छ" होत नाही, उलट वरची कातडी सोलवटते. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या धुळीतून रोज गाडीवर येणाऱ्याला हे पटत नाही मला माहितीये, पण खरंच, पिंपल्स हा अस्वच्छपणाचा आजार नाहीये. वयात येताना हार्मोन्समुळे तेलाच्या ग्रंथी जास्त तेल काढतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बसतात, आत तेल साठतं, त्यात नेहमी कातडीवर असणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. ही सगळी भानगड आत बरेच आठवडे आधी सुरू झालेली असते, तुम्हाला आज सकाळी आरशात दिसला तो फक्त शेवटचा भाग. औषध एका आठवड्यात काम का करत नाही याचं उत्तर पण इथेच आहे.

आता रोजचं. तीनच गोष्टी, जास्त नाही.

सकाळ-संध्याकाळ साधा, कमी वासाचा फेसवॉश, दिवसातून दोनदाच, दर दोन तासांनी धुवायची सवय असेल तर ती सोडा. त्यानंतर जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर, चेहरा तेलकट असला तरी. "माझी स्किन ऑइली आहे, मला कशाला" असं म्हणणाऱ्यांनी नाशिकची जानेवारीतली कोरडी थंडी आणि त्यात पिंपल्सचं औषध एकदा सोबत झेलून बघावं, ओठांच्या कडा फुटतात आणि हसायला पण नको वाटतं. आणि सकाळी निघताना सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, कारण आपल्या रंगाच्या कातडीवर पिंपल गेला तरी डाग मागे राहतो आणि उन्हात तो डाग अजून गडद होतो.

या तिन्हींच्या जोडीला औषध. हलक्या-मध्यम पिंपल्ससाठी दोन नावं सगळ्यात जास्त ऐकाल, अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. पहिलं छिद्र तुंबू देत नाही, दुसरं जिवाणू मारतं. अ‍ॅडापलीन रात्री लावतात, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, वाटाण्याएवढं घ्यायचं आणि कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन अख्ख्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं. फक्त पिंपलवर थापायचं नाही, कारण पुढचा पिंपल जिथे तयार होतोय ती जागा तुम्हाला दिसतच नाहीये. डोळ्यांच्या आणि नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात नाही. पहिले काही दिवस एक दिवसाआड लावा, फार आग व्हायला लागली तर आधी मॉइश्चरायझर आणि मग जेल असं करा. प्रेग्नंट असाल किंवा तसा विचार चालू असेल तर अ‍ॅडापलीन नकोच. बेंझॉइल पेरॉक्साइडबद्दल एकच सांगते, आईचा चांगला टॉवेल वापरू नका, ते कपड्याचा रंग उडवतं, निळ्या टॉवेलवर पांढरट-नारिंगी चट्टे पडतात आणि मग घरात महाभारत. उशीची खोळ पांढरीच ठेवा.

नुसतं अँटिबायोटिक जेल, म्हणजे क्लिंडामायसिन वगैरे, एकटं महिनोन्महिने लावू नका, जिवाणू त्याला सरावतात. ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच देतात.

मग काय करायचं, तर काहीच नाही. थांबायचं. हीच सगळ्यात अवघड पायरी आहे आणि बहुतेक जण इथेच गळतात. पहिल्या काही आठवड्यांत पिंपल्स वाढल्यासारखे पण वाटू शकतात, कातडी सोलते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी लग्नात गाठून विचारतं "अगं, काय करून घेतलंस हे चेहऱ्याला?", मग आपण ते बंद करून रीलमध्ये बघितलेलं नवीन सीरम मागवतो. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी कळतो. तोपर्यंत दुसरं काहीही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. रोज आरशात जवळून बघण्याऐवजी महिन्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच उजेडात फोटो काढा.

सवयींमध्ये बघण्यासारख्या गोष्टी कमीच आहेत पण त्या नीट बघा. केसांना रात्री तेल चोपडून झोपत असाल आणि पिंपल्स मुख्यतः कपाळावर असतील तर तेल धुवायच्या तासभर आधी लावा. गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुवा, तोच स्कार्फ आठवडाभर डिकीत कोंबून ठेवून परत तोंडाला गुंडाळायचा नाही, आणि हेल्मेटचा पट्टा घासतो तिथेच हनुवटीखाली पिंपल्स येत असतील तर आतलं अस्तर पण धुवा. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे नाशिकच्या त्या रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, धप्पा मारणार असाल तर जरूर मारा, फक्त आदल्या रात्री अ‍ॅडापलीन लावू नका, तोंडाला मॉइश्चरायझर जाड लावून जा आणि नंतर रंग घासून काढत बसू नका, जाईल तो दोन-चार दिवसांत.

खाण्याचं विचाराल तर मिसळीने पिंपल्स येतात याला ठोस पुरावा नाही, बिचाऱ्या तर्रीला उगाच बदनाम करतात. साखर-मैद्याचं खाणं आणि काही जणांमध्ये दूध यांचा संबंध मात्र अभ्यासांत दिसलाय. जिमला जाऊन व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पिंपल्स उसळले असतील तर महिना-दोन महिने ते बंद करून बघा. आणि जिममधल्या कोणी "ताकदीचं इंजेक्शन" दिलं असेल तर ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा, त्याने भयंकर पिंपल्स येतात.

डॉक्टरांकडे कधी? तीन महिने नीट करून फरक नाही, आत दुखणाऱ्या गाठी येतात, खड्डे पडायला लागलेत, किंवा चेहऱ्यामुळे बाहेर पडणं, कॉलेजला जाणंच बंद झालंय, यातलं एक जरी असेल तरी लगेच. "लग्न झालं की जातात" हे ऐकत बसायचं नाही, खड्डे एकदा पडले की भरून काढणं फार खर्चाचं आहे. नाशिकमध्ये खाजगी क्लिनिक कॉलेज रोड-गंगापूर रोडला भरपूर आहेत, फी जमत नसेल तर सिव्हिलला किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला चौकशी करा. पाटीवर "स्किन अँड हेअर" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, त्वचारोगाची पदवी आहे का ते बघा. फक्त फेशियल आणि लेझरचं पॅकेज आधी हातात देत असतील तर तिथून उठा.

जाताना स्टेरॉईडची ट्यूब, आधीच्या चिठ्ठ्या आणि ते महिन्याचे फोटो सोबत न्या. मुलींनी पाळी अनियमित आहे का, हनुवटी-जबड्याच्या रेषेवरच पिंपल्स येतात का, केस वाढलेत का हे स्वतःहून सांगा, पीसीओएस (हार्मोन्सचा बिघाड) असेल तर नुसत्या क्रीमने भागत नाही. कपाळावर-छातीवर सगळे एकाच मापाचे, खाज येणारे बारीक दाणे असतील तर तेही सांगा, ते कधीकधी बुरशीचं असतं आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं.

गोळ्यांमध्ये डॉक्सीसायक्लिन दिलं तर भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवं होऊ नका आणि मे महिन्याच्या उन्हात जपा. गाठी-खड्ड्यांच्या पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉईन देतात, अमेरिकेत १९८२ पासून वापरात आहे आणि आजही याच्याइतकं जोरदार औषध नाही. वजनावर डोस ठरतो, जेवणाबरोबर घ्यायचं, पाच-सहा महिने तरी चालतं, मध्ये मध्ये लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासण्या. ओठ सुकतात म्हणजे सुकतातच, लिप बाम खिशात ठेवा. पण प्रेग्नन्सीत याने बाळात गंभीर व्यंग येतं, त्यामुळे कोर्स चालू असताना आणि संपल्यावर निदान महिनाभर प्रेग्नन्सी अजिबात चालत नाही आणि रक्तदानही करायचं नाही. मन फार उदास राहायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. भावाच्या उरलेल्या कॅप्सूल बहिणीने खायच्या नाहीत, एवढं साधं वाक्य प्रत्येक घरात सांगायला लागतं.

डाग आणि खड्ड्यांचं काम सगळ्यात शेवटी, नवीन पिंपल्स थांबल्यावर. तपकिरी डाग काही महिन्यांत आपोआप फिके होत जातात, सनस्क्रीन चुकवलं नाही तर लवकर. खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), पील (औषधाने कातडीचा वरचा थर सोलणं), लेझर असे प्रकार आहेत, पूर्ण भरतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कमी होतात. आणि चेहरा साफ झाला म्हणून अ‍ॅडापलीन कपाटात टाकू नका, डॉक्टर सांगतील तोपर्यंत आठवड्यातून काही रात्री ते चालूच ठेवायचं.