रस्त्यावरचा माणूस आणि चार कार्यालयं : मध्येच हात सुटू नये म्हणून

पोलिसांनी रस्त्यावरून उचललं, सरकारी रुग्णालयात दाखल केलं, ताप उतरला, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं आणि माणूस पुन्हा त्याच पुलाखाली. मी बेघरांच्या निवाऱ्यात काम करते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते, कारण यात कुणीच आपलं काम टाळलेलं नसतं. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत त्याच्यासोबत चालणारं मात्र कुणी नसतं. तुमच्या शहरात हे काम बसवायचं असेल तर त्या मधल्या अंतरापासून सुरुवात करा.

आधी चार माणसं शोधा : पोलीस ठाण्यातला एक अंमलदार, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, महापालिकेत बेघरांच्या निवाऱ्यांचं काम पाहणारा समूह संघटक आणि निवाऱ्याचा व्यवस्थापक. कार्यालयाचा लँडलाइन चालणार नाही, मोबाइल नंबर घ्या. शिवाय त्यांच्या रजेत कोण असेल तेही लिहून घ्या. बदल्या होतातच, म्हणून दर तीन महिन्यांनी यादीतल्या प्रत्येकाला एक फोन करून खात्री करायची.

या चौघांकडे जाताना कायदा माहीत असू द्या, म्हणजे विनंती आणि हक्क यातला फरक राहतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100 वाचाच. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती हद्दीत भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणं ही पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. तिला लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा 24 तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. दाखल करण्याची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ती बेघर असेल, तर पोलिसांनीच तिला बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोचवायचं. हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणं हेही त्याच कलमात आहे. म्हणजे पोलीस, रुग्णालय आणि निवारा या तिघांना कायद्यानेच एकत्र बांधलं आहे. या कलमाची मराठी प्रत खिशात ठेवा आणि ठाण्यात गेल्यावर शांतपणे पुढे करा. बहुतेक अंमलदार ती वाचून मदतच करतात.

निवाऱ्याचंही तसंच. शहरात एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर चोवीस तास उघडा निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. जिथे फक्त थंडीत किंवा फक्त रात्री दार उघडतं, तिथे महापालिकेला हे लेखी विचारा.

आता प्रत्यक्ष माणसाकडे. पाहणीला रात्री दहानंतर जा. दिवसा बरेच जण हमालीला, केटरिंगला, भंगार गोळा करायला गेलेले असतात, भेटतात ते फक्त आजारी आणि म्हातारे. पहिल्या भेटीत पोलिसांची गाडी अजिबात नको. भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेलेल्यांच्या आठवणी ताज्या असतात, गाडी दिसली की माणसं पांगतात. नाव विचारा, काही दुखतंय का विचारा, निवाऱ्याचं नंतर बोला. ‘नाही’ म्हणाला तर कारण ऐका. सामान कुठे ठेवू, बायकोला वेगळं ठेवाल का, पहाटे चारला कामाला निघू द्याल का, हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं निवाऱ्याच्या नियमात बसवता येतात. तो प्रौढ आहे. त्याच्या होकाराशिवाय त्याची माहिती एका कार्यालयातून दुसऱ्याकडे द्यायची नाही. चौघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चेहऱ्याचे फोटो आणि आजाराचं नाव टाकायचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर तो बसत नाही.

सगळ्यात जास्त जीव ओता तो डिस्चार्जमध्ये. समाजसेवा अधीक्षकांशी एवढंच ठरवा की बेघर रुग्णाला सोडण्याच्या आदल्या दिवशी निवाऱ्याला फोन येईल. निवाऱ्यातून माणूस वॉर्डात जाईल, रुग्णाला भेटेल, डिस्चार्ज कार्डाचा फोटो घेईल, औषधं किती दिवसांची आहेत ते बघेल आणि सोबत घेऊन येईल. रिक्षात एकटं बसवून पाठवू नका. क्षयाचा रुग्ण असेल तर त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला क्रमांक, लिहून घ्या, तो असला की उपचार दुसऱ्या केंद्रात वर्ग करता येतात. साध्या क्षयाचा उपचारही साधारण सहा महिने चालतो आणि जागा बदलताना गोळ्यांत खंड पडणं हाच मोठा धोका असतो.

कागदपत्रांची घाई पहिल्या आठवड्यात करू नका. माणूस झोपू दे, जेवू दे. मग आधारपासून सुरुवात करा. जुनं आधार असेल तर नवी नोंदणी फेटाळली जाते, म्हणून आधी बोटांच्या ठशांवरून जुनं सापडतं का ते केंद्रात विचारा. मतदार यादीसाठी फॉर्म 6 भरताना तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. तो खरंच तिथे झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन पाहतो आणि खात्री पटली तर पत्त्याचा कागद लागत नाही. हे अनेक कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसतं, म्हणून आपणच सांगायचं.

चौघांची बैठक महिन्यातून एकदा, एका तासाची. अहवाल वाचू नका, माणसांची नावं वाचा : आज कुठे आहे, पुढचं पाऊल काय, ते कोण आणि कोणत्या तारखेला टाकणार. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बैठक उठू देऊ नका. निवारा सोडून कुणी गेलं तरी नाव खोडायचं नाही, पुढच्या पाहणीत त्याच्या जुन्या जागी आधी जायचं. आणि कुणी भाड्याच्या खोलीत किंवा घरी परतलं असेल, तर पहिले तीन महिने दर आठवड्याला फोन कोण करणार, तेही त्याच यादीत लिहायचं.