"संध्याकाळी जीपे करते" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचं काय करायचं

व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या, फराळ विकणाऱ्या प्रत्येकीला हे गिऱ्हाईक भेटतंच, "ताई ही ठेवा हं, संध्याकाळी जीपे करते", आणि मग ती संध्याकाळ काही येत नाही, तोवर तीच साडी मागणाऱ्या दुसऱ्या दोघी हातच्या जातात. म्हणून सरळ लिहून टाकायचं, "आज रात्री ९ पर्यंत पेमेंट आलं तर तुमची, नाहीतर पुढच्या ताईंना देते." आणि ९ वाजले की खरंच द्यायची, कारणं ऐकत बसायचं नाही. फराळाला निम्मे पैसे आधी, मग नात्यातली का असेना (नात्यातलेच जास्त लटकवतात!).

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, तो खोटा बनवता येतो आणि मेसेजसुद्धा. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसली, त्यांच्याकडून मागितलेला १२ आकडी यूटीआर नंबर (त्या पेमेंटचा व्यवहार क्रमांक) जुळला, की मगच पार्सल हलवायचं. "चुकून जास्त गेले, परत पाठवा" म्हणणाऱ्यालाही हेच, आधी जमा तर दिसू दे! आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला की ब्लॉक. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

कॅश ऑन डिलिव्हरी नव्या माणसाला शक्यतो नकोच, पार्सल परत आलं की कुरियरचा भुर्दंड आपल्याच बोकांडी. द्यायचीच असेल तर कुरियरचे पैसे आधी घ्या, नुसत्या तेवढ्यानेच निम्मे टाइमपासवाले गळतात.