शाळेचं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कसं बसवायचं

जानेवारीत शाळेचा नळ तुटला आणि सरपंचांना जाऊन सांगितलं, तर उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: "आराखड्यात नाही, पुढच्या वर्षी बघू." हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं, पण बऱ्याचदा खरं असतं. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात असलेल्या आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेल्या कामावरच खर्च करता येतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीनं आपली मागणी पावसाळा संपता संपता कागदावर आणायला हवी. आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि हिवाळ्यात आराखडा पक्का होतो. त्यानंतर गेलेला अर्ज फाइलमध्ये पडून राहतो.

आधी कुणाचं काम कुणाकडे, ते बघा. शिक्षकांची नेमणूक आणि पगार, नवी वर्गखोली, पडायला आलेल्या खोलीचं निर्लेखन (वापरातून रीतसर काढून टाकणं) या गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातात नसतात. त्या गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातात. नव्या खोल्यांचा आणि मोठ्या दुरुस्तीचा पैसा जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समितीकडून येतो. पाणी, स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, सांडपाण्याचा शोषखड्डा, कुंपण, किरकोळ दुरुस्ती, बाके ही ग्रामपंचायतीनं सहज करण्यासारखी कामं. खोलीचं छत धोकादायक असेल तर मुलं आजच दुसरीकडे बसवा आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र त्याच दिवशी वर पाठवा. ग्रामपंचायतीकडून त्यावर वरवरचा गिलावा करून घेऊ नका. भेग झाकली जाते आणि धोका तसाच राहतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्यही असतो. शाळा विकास आराखडा तयार करणं हे याच समितीचं काम. ग्रामपंचायतीकडे जाणारी यादी या आराखड्यातूनच निघाली पाहिजे. पंचायत सदस्याला समितीच्या बैठकीला बोलवायचं विसरू नका. पुढे पंचायतीच्या मासिक सभेत शाळेची बाजू तोच मांडणार असतो.

यादी करताना मोजून लिहा. "शौचालय खराब आहे" यावर अंदाजपत्रक होत नाही. शौचकूप किती, चालू किती, दारं किती, नळ कुठे, टाकी किती लिटरची, पाणी कुठून येतं, शोषखड्डा आहे का, हे एका कागदावर उतरवा. स्वच्छ विद्यालय मोहिमेतला निकष दर ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असा आहे. मुलं आणि मुली वेगळे मोजून कमतरता काढा. प्रत्येक कामाचा तारखेसह फोटो जोडा. यादी पाच कामांपेक्षा लांब करू नका आणि त्यांना क्रम द्या. क्रम दिला नाही तर पंचायत सोपं काम उचलते, आणि पाण्याआधी भिंतीला रंग लागतो.

आता पैसा कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे निधीच्या कोणत्या भागातून मागायचा ते. मागणी नाकारली जाण्याचं मोठं कारण चुकीचं शीर्ष हेच असतं. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) आणि ४० टक्के अबंधित (गावाच्या गरजेनुसार) अशी वाटणी होती. बंधितातला अर्धा पिण्याच्या पाण्याला आणि अर्धा स्वच्छतेला. म्हणजे टाकी, नळजोडणी, हात धुण्याचा ओटा, शौचालयाची दुरुस्ती, शोषखड्डा हे सगळं बंधितात बसतं. कुंपण, फरशी, बाके यांना अबंधित लागतो, आणि त्यावर रस्ते, गटारं, दिवे असा सगळ्या गावाचा डोळा असतो. त्यामुळे जे बंधितात बसतं ते चुकूनही अबंधितात मागू नका. चालू वर्षाचं प्रमाण ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारून घ्या. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावे लागतात. ते किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क कुठल्याही मतदाराला आहे.

शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेमधून संयुक्त शाळा अनुदानही मिळतं. योजनेतला दर पटसंख्येवर ठरतो: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,००० आणि २५१ ते १,००० ला ७५,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी असतात. साबण, फिनेल, नळाची तोटी, कडी-कोयंडा हे यातून भागवा आणि पंचायतीकडे तेवढ्यासाठी जाऊ नका. एकच काम दोन्हीकडे दाखवलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

ग्रामसभेच्या नोटिशीआधी समितीचा ठराव जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिकेवर विषय आला की निम्मं काम झालं. मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय आधीच्या महिला सभेत घ्या. तिथे आया मोकळेपणानं बोलतात आणि तिथला ठराव ग्रामसभेसमोर येतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती लागते, म्हणून पालकांना आदल्या दिवशी घरोघर निरोप द्या. ठरावाची भाषा अशी असावी: "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, अमुक वस्ती येथील मुलींच्या शौचालयाची दुरुस्ती करणे व १,००० लिटरची पाण्याची टाकी नळजोडणीसह बसविणे." नुसतं "शाळेसाठी साहित्य घेणे" लिहिलं, तर त्यात काहीही खरेदी होऊ शकतं. वीज नसलेल्या वर्गात टीव्ही येतो तो अशाच ठरावातून. सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक इतिवृत्तात आला का ते पाहा आणि ठरावाची नक्कल लेखी मागा.

त्यानंतर शाखा अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतात, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते. अभियंता येतील त्या दिवशी मुख्याध्यापकांनी हजर राहून पाण्याचा स्रोत स्वतः दाखवावा. बांधलेली स्वच्छतागृहं कुलूपबंद राहतात त्याचं मुख्य कारण हेच: अंदाजपत्रकात भांडं आणि दार असतं, पण टाकी, मोटार आणि पाइप नसतो. शाळेची जागा कुणाच्या नावे आहे, हे सातबारा आणि नमुना ८ (ग्रामपंचायतीची मिळकत नोंदवही) यांवर आधीच तपासा. तिथे घोळ असेल तर कुंपणाचं काम अर्ध्यावर अडतं.

काम चालू असताना अंदाजपत्रकाची प्रत शाळेत ठेवा. टाकी किती लिटरची आली, पाइप कोणत्या मापाचा, शोषखड्डा किती खोल, हे समितीच्या दोन पालकांनी टेप घेऊन मोजावं, कारण खड्डा बुजवल्यावर मोजता येत नाही. फरक दिसला तर मापन पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहिण्याची वही) नोंद होण्याआधी अभियंत्यांना लेखी कळवा. देयक निघाल्यावरची तक्रार वर्षभर चालते. वस्तू आल्या की डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) त्याच दिवशी चढवा.

टाकी रोज कोण भरणार, शौचालय आठवड्यातून किती वेळा कोण धुणार आणि मोटारीचं वीजबिल कोण भरणार, हे तीन प्रश्न त्याच ठरावात लिहून घ्या. गावातल्या सफाई कर्मचाऱ्याच्या कामात शाळेचे दिवस ठरवून दिले, तर पंचायतीला वेगळा माणूस नेमावा लागत नाही.