समुद्रगवताची खुडणी करायला जाताय? या चुका टाळा

व्हर्जिनियाच्या ईस्टर्न शोअरवर ऑयस्टर नावाचं एक चिमुकलं गाव आहे. गावाचं नावच कालव! मे सरता सरता या किनाऱ्यावरून स्वयंसेवक साउथ बे या खाडीकडे जातात आणि कमरभर पाण्यात उतरून ईलग्रासचं, म्हणजे समुद्रतळावर वाढणाऱ्या लांब पातीच्या गवताचं, बी पुन्हा पेरण्यासाठी गोळा करतात. वॉशिंग्टनच्या बाजूने गाडीने साधारण चार तास. तिकडची मराठी मंडळी ‘एकदा जाऊन येऊ’ म्हणून नाव नोंदवतात आणि पहिल्या तासातच चुकतात. मीही चुकले होते.

उपटू नका

गवत दिसलं की हात आपोआप मुळाशी जातो. भाताचं आवण उपटून लावणी करताना ज्यांनी पाहिलंय त्यांचा तर नक्कीच. पण ही लावणी नव्हे. इथे रोपं हलवायचीच नाहीत, बियांचे तुरे खुडायचे आहेत. ईलग्रासची मुळं आडव्या खोडाला धरून गाळाच्या वरच्याच थरात असतात. जरा जोर लावला की हातभर जाळं सुटून येतं आणि ज्या कुरणातून बी घ्यायचं तेच उघडं पडतं. एका हाताने देठ खाली धरून ठेवा, दुसऱ्या हाताने वरचा तुरा मोडून घ्या. तुरा पिशवीत टाकण्याआधी पाण्यातच एकदा झटका. गोगलगायी आणि बारकी मासळी पातींना बिलगलेली असते, तिला आपल्याबरोबर यायचं नसतं.

पिशवी भरली, पण बी कुठाय?

पहिल्या दिवशी माझी जाळीची पिशवी सगळ्यांच्या आधी भरली. ताठ मानेने नेऊन उलटी केली, तर निम्मं नुसतं गवत. फरक असा: साधी पात चपटी, रिबिनीसारखी, बुडातूनच निघालेली. बियांचा दांडा तिच्याहून उंच, गोलसर, फिकट आणि फांद्या फुटलेला. पाणी गढूळ असेल तर डोळ्यांवर विसंबू नका. फांदी अंगठा आणि तर्जनीमधून हलकेच ओढा. दाणे बोटांना लागतात, तांदळाच्या कणीएवढे.

‘काहीच दिसत नाही हो’ ही तक्रार तर दर बोटीवर ऐकू येते. बहुतेक वेळा तो गाळ आपणच ढवळलेला असतो. पायातले फिन्स बोटीतच ठेवा, घट्ट बसणारे पाण्यातले बूट पुरेत. प्रवाहाच्या उलट दिशेने सरका, म्हणजे उठलेला गाळ मागे जाईल. तरंगता येत असेल तर गवतावर उभंच राहू नका. मोकळ्या वाळूवर मात्र पाय घासत चला, पाखट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, दडलेलं असू शकतं.

पिशवी उन्हात, मंडळी जेवणात

भरलेली पिशवी बोटीच्या फळीवर टाकून डबा उघडला की अर्ध्या तासात वरचे तुरे कोमेजतात. तुरे खुडले म्हणजे काम संपलं असं नाही. पुढे किनाऱ्यावरच्या टाक्यांत ते खेळत्या समुद्राच्या पाण्यात ठेवतात, बी तिथे पिकून तळाशी पडतं. वाळलेला तुरा तिथे फक्त कुजतो. म्हणून पिशवी पाण्यात, नाहीतर पाण्याच्या टबात. स्वतःची पाठही झाका; पालथं तरंगताना ऊन किती लागतंय ते घरी गेल्यावर कळतं.

लावायचं कधी?

हा प्रश्न विचारून हिरमुसलेले लोक मी पाहिलेत. त्या दिवशी काहीच लावत नाहीत. ईलग्रासचं बी इथे शरद ऋतूत रुजतं, त्यामुळे पेरणीही तेव्हाच. त्या दिवसालाही गेलात तर बोटाने खड्डे करत बसू नका. बी फोकून पेरायचं असतं. ते बुडतं आणि पडतं तिथेच, काही फुटांत, रुजतं. शंभरातली पाच-दहा रुजली तरी भरपूर.

एवढ्याशा उगवणीवर काय होणार, असं मलाही वाटलं होतं. १९३०च्या दशकात एका रोगाने आणि ऑगस्ट १९३३च्या चक्रीवादळाने इथल्या खाड्यांतलं ईलग्रास संपलं, त्याच्या आधाराने जगणारे बे स्कॅलप हे शिंपलेही गेले. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या रॉबर्ट ऑर्थ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९पासून सात कोटींहून जास्त बिया पेरल्या. पेरलेली जागा २१३ हेक्टर. २०१८पर्यंत कुरण झालं ३,६१२ हेक्टर! पेरलं त्याच्या सतरापट. उरलेलं गवताने आपलं आपण केलं. बी पडतं तिथेच रुजतं, मग इतकं पसरलं कसं? मोडलेला तुरा तरंगतो आणि पिकलेलं बी पोटात घेऊन दूरवर जातो. तेव्हा खुडताना एखादा हातून निसटला तर त्याच्यामागे धावू नका.

मालवणला नेऊन लावू?

नका. हे थंड पाण्याचं गवत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलायनाच्या दक्षिणेला ते तग धरत नाही, आणि साउथ बेमध्येही २०१५च्या जूनमधल्या गरम पाण्याने बरंच मारलं होतं. शिवाय परक्या खाडीतलं बी पिशवीतून देशात नेणं हा वेगळाच घोळ. आपल्या खाड्यांना त्यांचं स्वतःचं गवत आहे: हॅलोफिला, नखाएवढ्या पानांचं, गाळाला चिकटून वाढणारं. गोव्यात मांडवीच्या आणि तेरेखोलच्या खाडीत त्याची नोंद आहे. बघायचं तर ओहोटीला जा, चपला हातात घेऊन.