हिवाळ्यात सायकलचा सराव टिकवायचा कसा?

पहिला गारठा पडला की अनेक हौशी सायकलस्वार मनाशी निश्चय करतात, यंदा एकही दिवस चुकवायचा नाही. मग एक दिवस पावसात जातो, दोन सर्दीत जातात, एक आख्खा आठवडा कामाच्या रगाड्यात निघून जातो. निश्चय मोडला की त्याच्यासोबत सायकलही भिंतीला टेकून राहते. माझे दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या वर्षी मी स्वतःकडची मागणी निम्म्यावर आणली आणि पहिल्यांदाच हिवाळा सायकलसह पार पडला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की हिवाळ्यात उत्साहाची वाट पाहत बसू नये. सीटवर बसेपर्यंतच्या अडचणी कमी कराव्यात आणि जमेल तेवढंच मागावं.

जमेल तेवढं म्हणजे किती? याला आधार आहे. १९८४ साली संशोधक एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या सात खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून मोजमाप केलं. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी उतरली आणि आठ आठवड्यांच्या सुमारास १६ टक्क्यांच्या घसरणीवर येऊन थांबली. त्याआधी, १९८१ मध्ये, रॉबर्ट हिक्सन यांनी वेगळा प्रश्न विचारला होता: सराव थांबवला नाही, नुसता कमी केला तर? दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस घाम गाळलेल्या लोकांचे दिवस त्यांनी कमी केले, काहींचे तर अवघ्या दोनांवर आणले. प्रत्येक दिवसाचा जोर मात्र पूर्वीइतकाच ठेवला. कमावलेली क्षमता पुढचे पंधरा आठवडे टिकून राहिली. पंधरा आठवडे म्हणजे जवळजवळ सगळा हिवाळा.

पायरी १: आठवड्याचं किमान माप ठरवा

कागदावर एकच ओळ लिहा: ‘आठवड्यातून दोन राइड, प्रत्येकी पाऊण तास.’ हे तुमचं किमान माप. त्याच्यावर जे होईल तो फायदा. माप इतकं लहान हवं की अगदी वाईट आठवड्यातही ते पुरं व्हावं. लिहिताना लाज वाटली तरी चालेल.

हे माप वेळेत किंवा फेऱ्यांत धरा, किलोमीटरमध्ये नको. सरासरी वेग तर हिवाळ्यापुरता विसराच. थंड हवा घट्ट असते. २० अंशांवरून तापमान ० अंशांवर आलं की हवेची घनता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. भर म्हणून अंगावर जाड कपडे, रुंद टायर, ओला रस्ता. तेवढाच दम लावून तुम्ही उन्हाळ्यापेक्षा हळूच जाणार. हे माहीत नसलेला माणूस घरी येऊन आकडे पाहतो, आपण ढिले पडलो असं समजतो आणि खट्टू होतो. मी तरी सायकलवरच्या छोट्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरून वेगाचा रकानाच काढून टाकतो. वेळ आणि हृदयाचे ठोके एवढंच दिसू देतो. पॉवर मीटर, म्हणजे पायांनी लावलेली ताकद वॉटमध्ये मोजणारं उपकरण, असेल तर वॉट पाहा, कारण हवा बदलली तरी वॉट तोच राहतो.

उद्दिष्ट हवंच असेल तर वसंतातली एखादी ठरावीक राइड किंवा चढ निवडा. तारीख असली की डोळ्यांसमोर काहीतरी राहतं. पण रोजचा भार त्या तारखेवर टाकू नका. तीन महिन्यांनंतरची गोष्ट पहाटे साडेपाचला कोणालाही पांघरुणातून बाहेर काढत नाही.

पायरी २: पहाटेचे निर्णय आदल्या रात्री घ्या

काळोखात, अर्धवट झोपेत माणसाला फार प्रश्न पडू देऊ नयेत. मोजे कुठे आहेत, दिवा चार्ज आहे का, टायरमध्ये हवा आहे का, बाहेर किती थंडी आहे, यांतला प्रत्येक प्रश्न म्हणजे परत झोपायला एक निमित्त. रात्री कपडे घालायच्या क्रमाने खुर्चीवर ठेवा. बाटली भरून ठेवा, दिवे चार्जिंगला लावा, सायकल दाराकडे तोंड करून उभी करा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे दिवे दर वेळी पूर्ण चार्ज हवेत. हवाही तपासा. उबदार घरात भरलेल्या टायरचा दाब बाहेरच्या गारठ्यात कमी होतो.

मग ‘जर-तर’ ठरवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ च्या आपल्या लेखात दाखवलं की ‘मी व्यायाम करीन’ अशा मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असा नेमका बेत पुष्कळ जास्त वेळा पार पडतो. सायकलसाठी माझे तीन बेत असे:

गजर वाजला तर आधी मोजे घालायचे, मग विचार करायचा.
पाऊस असेल तर ट्रेनरवर (घरात एका जागी सायकल चालवायच्या उपकरणावर) पाऊण तास.
रस्त्यावर बर्फ गोठलेला असेल तर ट्रेनरच, त्यावर चर्चा नाही.

आणखी एक सवलत स्वतःला द्या. दहा मिनिटं सायकल चालवूनही नको वाटलं तर परत फिरायची मुभा. ही मुभा खरी असली पाहिजे. परत फिरलात तर स्वतःला बोल लावायचा नाही. शरीर एकदा तापलं की बहुतेक वेळा परत फिरावंसं वाटत नाही, आणि ज्या दिवशी वाटतं त्या दिवशी सहसा खरोखर काहीतरी बिनसलेलं असतं.

पायरी ३: थंडी वाजू देऊ नका, घामही साचू देऊ नका

माणसं सायकल सोडतात ती बऱ्याचदा बधिर झालेल्या बोटांमुळे. पारा ५ अंशांवर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला की उघड्या त्वचेला ते सुमारे ० अंशांसारखं भासतं. सायकलवर हा वारा तुम्ही स्वतःच निर्माण करता. म्हणून जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारा पातळ थर जास्त उपयोगी पडतो. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, त्यावर ऊब धरणारा, सगळ्यात वर वारा अडवणारा. सुती बनियन टाळा, तो भिजतो आणि अंगाला गार चिकटून राहतो. जुने शर्यतपटू घाट उतरण्याआधी जर्सीच्या आत वर्तमानपत्र खुपसायचे, आणि अडीअडचणीला ही युक्ती आजही चालते.

निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घामाने चिंब व्हाल आणि पहिल्याच उतारावर हुडहुडी भरेल. याउलट हात, पाय आणि कान यांच्या बाबतीत कंजुषी नको. वारा अडवणारे ग्लोव्ह्ज, बुटांवरून चढवायची आवरणं, हेल्मेटखाली बसणारी पातळ टोपी या तीन वस्तूंनी माझ्या हिवाळी राइड जितक्या वाढल्या, तितक्या महागड्या चाकांनी कधीच वाढल्या नसत्या. मडगार्डही लावून टाका. पाठीवर उडणारं गार पाणी थांबलं की पावसाळी हवेतली अर्धी कटकट संपते, आणि मागून येणाऱ्यालाही सुख लागतं.

गारठ्यातल्या जिद्दीच्या कथा सायकलच्या जगात खूप सांगितल्या जातात. १९८० च्या लिएज-बास्तोन-लिएज या बेल्जियममधल्या शर्यतीत इतका बर्फ पडला की सुरुवात केलेल्या १७४ जणांपैकी २१ जणच शेवटपर्यंत पोहोचले. फ्रान्सच्या बर्नार इनो यांनी ती शर्यत नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली, पण त्या दिवशी बोटांना झालेली इजा त्यांना कायमची पुरली. कथा थोर आहे, पण हौशी माणसाने तिच्यातून उचलायचं ते बोटांचं.

दिसण्याबद्दल थोडक्यात. पुढे-मागे दिवे, आणि घोट्यांवर प्रकाश परावर्तित करणारे पट्टे. पाय वर-खाली होत असल्याने चालकाला ते चटकन माणूस म्हणून ओळखू येतात.

पायरी ४: घरातल्या ट्रेनरशी मैत्री करा

ट्रेनर रटाळ वाटण्यामागे एक साधं शारीरिक कारण असतं: उष्णता. पेडल मारताना शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवतं, बाकीची उष्णता होते. तुम्ही २०० वॉट लावत असाल तर ६०० ते ८०० वॉट उष्णता अंगातून बाहेर पडायला हवी. जवळजवळ एका लहान हीटरइतकी. रस्त्यावर ती वारा घेऊन जातो. बंद खोलीत ती अंगातच राहते, ठोके चढतात, आणि आपल्यालाच जमत नाही असं वाटू लागतं. तेव्हा आधी मोठा पंखा समोर ठेवा, खिडकी उघडा, हँडलवर टॉवेल टाका. मगच ट्रेनरबद्दल मत बनवा.

दुसरं म्हणजे, ट्रेनरवर नुसतं बसून राहू नका. तासाभराचे तुकडे पाडा. १० मिनिटं हलकं, मग ८ मिनिटं जोर आणि ४ मिनिटं आराम असं तीनदा, शेवटी १० मिनिटं सावकाश. एकूण ५६ मिनिटं. तासाभराकडे पाहून जीव दडपतो, आठ मिनिटांकडे पाहून नाही. इथे उतार नाही, सिग्नल नाही, पाय थांबत नाहीत. त्यामुळे हा तास रस्त्यावरच्या तासापेक्षा भरीव असतो आणि याहून लांबवायची गरज सहसा पडत नाही. इंटरनेटवरून इतरांसोबत चालवायची अ‍ॅप आवडत असतील तर जरूर वापरा.

घरातल्या सरावाला कमी लेखणाऱ्यांना ऑस्ट्रेलियाचे व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमन यांचं नाव सांगावं. २०१६ च्या फेब्रुवारीत शर्यतीत पडून त्यांचा हात मोडला. रस्त्यावर जाता येईना, म्हणून त्यांनी घरातल्या ट्रेनरवर सराव चालू ठेवला. त्याच वर्षी १० एप्रिलला, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांनी पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली मानाची शर्यत जिंकली, तीही बेल्जियमच्या टॉम बोनेन यांना वेलोड्रोमवरच्या (सायकल शर्यतींच्या धावपट्टीवरच्या) शेवटच्या स्प्रिंटमध्ये मागे टाकून.

पायरी ५: बहुतेक राइड खरोखर सावकाश करा

हौशी लोकांची नेहमीची चूक अशी की सगळ्याच राइड मध्यम कष्टाच्या होतात. आराम मिळावा इतक्या हलक्या नाहीत, काही सुधारावं इतक्या जोराच्याही नाहीत. स्टीफन सायलर यांनी सहनशक्तीच्या खेळातल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं हलकी आढळली. हलकं म्हणजे सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं इतकं. एकटे असाल तर मोठ्याने दोन वाक्यं म्हणून पाहा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग उतरवा.

तुम्ही आठवड्यातून दोनच राइड करणार असाल, तर मात्र एक जोराची ठेवा. हिक्सन यांच्या प्रयोगातली अट आठवा: दिवस कमी, जोर कायम. तीन-चार राइड होत असतील तर एक जोराची, बाकीच्या निवांत.

रस्त्याचा कंटाळा आला तर मातीत जा. सायक्लोक्रॉस हा चिखल-मातीतल्या सायकल शर्यतींचा खेळच थंडीच्या दिवसांतला, त्याची जागतिक स्पर्धा १९५० पासून भरते. माउंटन बाइकवर झाडीत वाराही कमी लागतो. शिवाय हीच वेळ वजनं उचलण्याची. आठवड्यातून दोनदा स्क्वॉटसारखे पायांचे जड व्यायाम, तंत्र नीट शिकून. सायकल चालवताना हाडांवर शरीराचा भार फारसा पडत नाही, ती उणीवही त्यातून थोडी भरून निघते.

पायरी ६: कोणाला तरी शब्द द्या

कोपऱ्यावर गारठ्यात एक जण आपली वाट पाहत उभा आहे, एवढी जाणीव पुरते. मोठा गट नसला तरी चालेल, पण वेगाने आपल्या जवळचा माणूस निवडा. दर वेळी कोणीतरी मागे धापा टाकत असेल तर ती सोबत टिकत नाही.

पायरी ७: दिवसाचा उजेड गाठा

शक्य असेल तेव्हा एक तरी राइड उजेडात करा. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश हजारो लक्सचा असतो, घरातल्या दिव्यांचा बहुधा काही शेच. दिवस लहान झाले की काहींना खरोखरच उदासी घेरते. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन केलं. सायकलच काय, कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालत असेल, तर तो आळस समजू नका. डॉक्टरांना भेटा.

पायरी ८: चुकलेल्या दिवसाची सोय आधीच करून ठेवा

दिवस चुकणारच. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागलेले दिसले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. आणि मधला एखादा दिवस हुकल्याने फारसं काही बिघडत नव्हतं. तेव्हा चुकलेली राइड भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट चालवू नका. ती गेली. पुढची ठरलेल्या वेळी करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या राइडची खूण करा, न झालेल्या दिवसावर फुली मारू नका.

आजारपणात नियम सोपा: नुसतं नाक गळत असेल तर अर्धा तास हलकी राइड चालेल. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर पूर्ण विश्रांती.

दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला असेल तर परतल्यावर पहिला आठवडा निम्म्या वेळेचा आणि फक्त हलका ठेवा. दुसऱ्या आठवड्यात जोराची एक राइड घाला, पण तीन तुकड्यांऐवजी दोनच. तिसऱ्या आठवड्यात कागदावरच्या किमान मापावर परत या. आणि त्या पहिल्या राइडचे मोजे आज रात्रीच खुर्चीवर काढून ठेवा.