एमपीएससीसाठी पुण्यात येताय? आधी वर्षाचा हिशोब मांडा

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातून आले आणि चार वर्षं सदाशिव पेठेत राहिले. आमच्याकडे पैसा येतो सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास. पुण्यातलं भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं. म्हणून गाडीत बसायच्या आधी घरच्यांसमोर बसून बारा महिन्यांचा हिशोब कागदावर मांडा. माझा असा होता: कॉट (म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं) ३५००, मेस ३०००, अभ्यासिका १२००. चहा, झेरॉक्स, पुस्तकं धरून महिना ९०००, म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. डिपॉझिट वेगळं.

यावर तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवाच. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली. मुलं शास्त्री रोडवर आंदोलनाला बसली, तेव्हा आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. मागणी रास्तच होती. पण तारीख पुढे गेली की भाड्याचे महिने वाढतात, आणि ते घरच्यांना कोणी सांगत नाही.

खोली बघताना बाथरूम किती जणींत आहे आणि पाणी किती वाजता येतं, हे तिथे राहणाऱ्या मुलींना विचारा, मालकांना नाही. डिपॉझिट कधी, किती कापून परत मिळेल, ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझे ५००० तोंडी बोलण्यात गेले.

मेस लावताना खाड्याचा नियम विचारा: किती दिवस आधी सांगितलं तर पैसे कापतात? रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. ते जेवण मी कित्येक महिने चहा-बिस्किटावर काढलं. पुढे चक्कर येऊन पडले तेव्हा हिमोग्लोबिन ८ निघालं. घरून शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणा आणि रविवारी मैत्रिणींबरोबर खिचडी टाका. अभ्यासाइतकंच हे महत्त्वाचं आहे, मनापासून सांगते.

अभ्यासिकेचे पैसे एकदम तीन महिन्यांचे भरू नका, आधी आठ दिवस बसून बघा. बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, रात्री अकराला खोलीपर्यंतचा रस्ता कसा आहे, हेही बघा.

जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. मुख्यसाठीचे जुने बहुपर्यायी प्रश्नसंच घेऊ नका, त्या पैशात वह्या घ्या आणि रोज एक उत्तर लिहा.

किती प्रयत्न द्यायचे, तेही घरी आधीच ठरवा. खुल्या गटाला ३८ व्या वर्षापर्यंत मुभा आहे, पण तेवढं थांबायलाच हवं असं नाही. मी चार ठरवले होते, चौथ्यानंतर नोकरी धरली. बाबांना आधीच माहीत होतं, त्यामुळे तो फोन करणं जमलं.

निकालानंतर रूममेट दोन दिवस कॉटवरून उठली नाही, तर तिला एकटी सोडून अभ्यासिकेत जाऊ नका. तिला जेवायला बसवा, बोलतं करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा.